मागे न घेतलेलं नाव

कुळगाव, ता. १३ फेब्रुवारी २००४

चि. संध्यास आजीचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

काल घरी पाहुणे आले. सगळ्यात आधी भूल देणारे विष्णुपंत डॉक्टर, हातात पेढ्यांचा पुडा. मागून महिपती डॉक्टर, तुमच्या डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष. पेढे बघून मला वाटलं, तुला स्थळच घेऊन आले! साडी बदलली, पोहे टाकले. पोरगी तुमच्या शब्दाबाहेर नाही ना, असं महिपतींनी विचारलं. मी म्हटलं, छे हो, फार गुणाची. वांगणीच्या पाड्यावरची तुळशी बाळंतपणात अडली तेव्हा भरल्या ताटावरून उठून गेली. सगळे गुण सांगून झाले नि मग त्यांनी कागद काढला. अध्यक्षपदाला तू नाव दिलंयस, ते मागे घ्यावं म्हणे. बदल्यात महिला विभाग देतात. म्हणजे पाहुण्यांना फुलं द्यायची, रांगोळी स्पर्धा घ्यायची. मी विचारलं, मंडळात बाया किती? म्हणाले, साठात पंचवीस. खुर्चीवर आजवर किती बसल्या? तर विष्णुपंत पोह्यातले शेंगदाणे शोधायला लागले.

हसू आलं बाई. पण ते गेल्यावर धाकधूक झाली. तुझ्या सिझरला भूल द्यायला विष्णुपंतच येतात. रुसले तर बाळंतिणींनी कुठं जायचं? पुढच्या शनिवारपर्यंत तुझी सही मागवून ठेवा म्हणालेत. काय सांगू? जेवतेस ना नीट?

तुझी आजी गंगू


नागपूर, ता. १७ फेब्रुवारी २००४

ती. आजीस संध्याचा सप्रेम जय भीम.

तुझं पत्र होस्टेलात सगळ्यांना वाचून दाखवलं. साडी कुठली नेसलीस तेवढं कळव! सोनोग्राफीचं शिकणं पुढच्या आठवड्यात संपतंय. धाकधूक मलाही आहे. पण रविवारी भूल द्यायला कुणी मिळत नाही, पाळ्या लावा, असं आम्ही बायका तीन वर्षं सांगतोय. दर वेळी सहल ठरवण्यातच सभा संपते. फुलं देऊन पाळ्या लागत नाहीत, आजी. नाव राहू दे. विष्णुपंत सर रागावले तर मी आल्यावर बघेन.

तुझी माया आहे तशी असू दे.

संध्या


कुळगाव, ता. २३ फेब्रुवारी २००४

चि. संध्यास आजीचा जय भीम.

जांभळी नेसले होते, काठाची. शनिवारी महिपती आले, मी दारातच नाही म्हणून सांगितलं. चहासुद्धा न घेता गेले.

काल विष्णुपंत आले, बायकोला घेऊन. त्या डोळ्यांच्या डॉक्टर, अकरा वर्षं रांगोळी विभागच सांभाळतायत. टेकायच्या आधीच म्हणाल्या, सतरा जणींना फोन झालेत, रांगोळ्या पुष्कळ काढल्या, यंदा मत संध्याला. मग नवऱ्याकडे नुसतं बघितलं. ते म्हणाले, माझं मत कुणाला ते विचारू नका आजी, पण बाळंतिणींशी माझं कसलं भांडण? संध्या हरली तरी भूल द्यायला मी येणार, आणि रविवारच्या पाळीत पहिलं नाव माझं घाला. मला इतका आनंद झाला की त्या बाईंचे हातच सोडवेनात.

आजीवर जीव आहे तेवढा ठेव.

तुझी आजी गंगू

ता. क. मतदान एकोणतीसला, तू शनिवारीच पोच. जिंक नाहीतर हर, सोमवारी एक मार्चला नवराबायको दोघं जेवायला येतो म्हणून सांगून गेलेत.