ह्यांची बोट दारूखान्यात

२४ जाने. ५६
संचारबंदी उठली. लालबागला रस्त्यावर अजून काचा. शाळा बंद, शिकवायला जायचं नाही, मी घरीच. मुंबई दिल्लीच्या ताब्यात देणार म्हणे, आणि विचारलं तर गोळ्या. हे गिरणीत बदली कामगार, कुणी गैरहजर असेल तरच काम. हरताळ झाल्यापासून माणसं घेणारा जॉबर रोज दारातूनच परत पाठवतो.

२ फेब्रु.
पेपरात ह्यांच्या बोटीची बातमी, नौदलात स्टोकर होते तेव्हाची. ती रणगाडे उतरवणारी, पुढचा जबडा उघडणारी. नौदलाने काढून टाकली, भंगारात विकली. खाली तिचा सेवेचा इतिहास. लढाईत ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर रणगाडे उतरवले, फाळणीत कराचीहून माणसं आणली. सेवेत कधी खंड नाही.
हे मोठ्यांदा हसले. "खंड नाही? सेहेचाळीसला नाविकांच्या संपात आम्हीच बंद पाडलेली की तिला! मग मला हाकललं कशापायी?"
ब्रह्मदेशात त्या जबड्यात चिरडला तो ह्यांचा दोस्त गणपत. त्याचं नाव कुठेच नाही. दोनदा शोधलं ह्यांनी.
जेवले नाहीत.

९ फेब्रु.
बोट दारूखान्यात आणलीय, बंदरावरच्या भंगारवाड्यात, तोडायला. मुकादम माणसं घेतोय. हे तयार!
म्हटलं, दुसरं काहीही करा. हे नको.
"दुसऱ्यानं कापण्यापेक्षा मी कापलेली बरी गो."


१६ फेब्रु.
ह्यांच्या अंगाला लोखंड कापायच्या गॅसचा, जळक्या रंगाचा वास. साबणाने जात नाही. आज स्टोकर लोकांची, बॉयलरवाल्यांची, झोपायची जागा कापली. "माझा बंक होता तसाच होता," म्हणाले.
चाळीत कुणी विचारलं तर 'लोखंडाचं काम' सांगतात.
संध्याकाळी शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्राची सभा. मी गेले. हे नाहीत. "माझ्या घोषणा देऊन झाल्या," म्हणे.

१ मार्च
आज तिथे राणे आलेला. पूर्वी ह्यांच्याच बरोबरीचा. संपात उतरला नाही, म्हणून नौदलात टिकला, आता साहेब. सुकाणूचं चाक न्यायला आला, खांबासकट. क्लबात शोभेला ठेवणार.
ह्यांना ओळखलं. "तू इथे रे, बाबी?" एवढंच. मग म्हणे, "जरा हात लाव."
ह्यांनी खांब उचलून गाडीत नेऊन ठेवला.
मला राहवलं नाही. "सलाम नाही ना केलात?"
"हात कुठे मोकळे होते."
उद्या डबा करायचा का, विचारलं. भिंतीकडे तोंड करून पडलेत.
चवळी भिजत घातलीय.