सदर कपड्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
ऑनलाइन संदेश तक्रार कक्ष,
तुंगवान उपजिल्हा कार्यालय.

विषय : बंद केलेले खाते सुरू करणे, ते जमत नसल्यास अडवलेले पार्सल सोडणेबाबत.
संदर्भ : माझा यापूर्वीचा ऑनलाइन अर्ज, जो 'अनुचित शब्द' असा शेरा मारून यंत्राने लगेच परत केला.

महोदय,

१. या प्रकरणात मला मिळणार होता तो अंड्यांचा एक ट्रे. त्याहून मोठ्या लाभाचा हेतू नव्हता, हे आधीच नमूद करतो. मी, ग्वान शौयी, वय ७१, खत कारखान्याच्या गोदामातला निवृत्त कारकून, इमारत क्र. ६ मध्ये एकटा राहतो. नोव्हेंबरात घरोघरचे सरकारी हीटिंग सुरू झाले, तेव्हा रहिवासी समितीच्या प्रमुख फान बाई यांनी जाहीर केले की, यंदाच्या उबेबद्दल प्रत्येकाने समितीच्या ग्रुपवर एक चांगले वाक्य लिहावे. उत्तम वाक्यास अंडी. माझ्या दारात उभे राहून त्या म्हणाल्या, "ग्वानदादा, तुम्ही लिहिण्यातली माणसं. काहीतरी गोड लिहा. लांबण लावू नका, वरचे लोक वाचणार आहेत."

२. मी लिहिलेले वाक्य असे : 'यंदा घर इतके गरम आहे की मी कोट घालून बसतो तो निव्वळ सवयीने.' हे वाक्य येथे एकदाच, नाइलाजाने देत आहे. यापुढे त्यातील वस्त्रास 'सदर कपडा' व शेवटच्या शब्दास 'सदर शब्द' म्हणेन. आपल्या खिडकीवरील कर्मचारी मुलीने तसा सल्ला दिला. ती म्हणाली, "आजोबा, हाताने लिहून आणा, आणि ते दोन शब्द होईल तितके टाळा. कागद शेवटी यंत्रातच जातो."

३. वाक्यास पहिले बक्षीस मिळाले. फान बाईंनी ते कौतुकाने वर पाठवले, तिथून ते खाली सांडले, आणि आठवडाभरात देशभर फिरू लागले, मात्र हसण्यासाठी. तरुण मंडळी लिहू लागली : 'साहेबांच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या, सदर शब्द.' 'दोन महिने पगार नाही, तरी कामावर जातो, सदर शब्द.' 'बातम्या बघितल्या, फार आनंद झाला, सदर शब्द.' तो शब्द अडवण्यात आला, तेव्हा ते सदर कपड्याचे चित्र टाकू लागले. चित्र अडवले, तेव्हा बटणाचे. बटण अडवले, तेव्हा भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीचे. आमच्याच जिन्यातल्या दोंगबाई सदर कपडे शिवतात. त्यांची दुकानाची जाहिरात या धामधुमीत दिसेनाशी झाली. त्यांनी मला जिन्यात अडवून सांगितले, "तुमच्या अंड्यांपायी ऐन थंडीत माझं दुकान गायब झालं. आता निदान एक ऑम्लेट तरी पाठवा."

४. मूळ लेखकाचा शोध माझ्यापर्यंत आला. दोन पोलीस घरी आले. थोरले म्हणाले, "काका, खरं तर चौकशीसाठी तुम्हालाच ठाण्यात 'चहाला' बोलवायचं असतं. वय बघून आम्हीच आलो." चहा मी केला. मग त्यांनी विचारले, "खरं सांगा, घर गरम आहे की नाही?" 'आहे' म्हटले तर सदर कपडा अंगात कशाला, म्हणजे टवाळी, 'नाही' म्हटले तर समितीच्या ग्रुपवर खोटी माहिती. दोन्ही उत्तरांचे छापील जबाब त्यांच्या पिशवीत तयार होते. यातला हलका कोणता, असे मी विचारले. थोरल्यांनी दोन्ही कागद पुन्हा वाचून पिशवीत ठेवले. धाकटे, श्री. लियांग, यांनी खिडकीखालच्या हीटिंगच्या रेडिएटरवर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि हातमोजा पुन्हा चढवला. त्यांनी अहवालात काय लिहिले ते मला माहीत नाही. ग्रुप, निरोप आणि पैसे देणे हे सगळे फोनवरच्या ज्या एका खात्यावर चालते, ते माझे खाते त्याच संध्याकाळी बंद झाले. दुसऱ्या दिवशी फान बाईंनी अंडी परत मागितली. काही खाल्ली गेली होती. बाजारातून आणून ट्रे भरून दिला.

५. खात्याविना भाजी, बस, औषध हे रोख पैशांवर कसेबसे निभते. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार यादीची आहे. ओळखीतले कोण दिवसभरात किती चालले याची यादी त्या खात्यावर रोज येते. माझा धाकटा भाऊ ग्वान शौली कुनमिंगला असतो. माझ्या मुलाच्या लग्नात त्याला मुख्य टेबलाऐवजी तिसऱ्या टेबलावर बसवले गेले. जेवणात मासा वाढला जाण्याआधीच तो उठून गेला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. मात्र रोज जेवणानंतर तो यादीत माझ्या नावापुढे अंगठा दाबतो आणि मी त्याच्या. आमचे जे काही आहे ते एवढेच. आता यादीत माझे नाव नाही. आमच्या वयात यादीतून नाव गेल्याचा अर्थ एकच घेतात.

दोंगबाईंचा सल्ला असा : "पुनर्जन्म घ्या. खातं गेलं की पोरं तेच करतात. माणूस जुना, खातं नवं." तसे नवे खाते काढता येते, परंतु त्यावरून शौलीला ओळखीची विनंती मला पाठवावी लागेल. फोन केला तरी तेच. म्हणजे मी आधी बोललो असे होईल. उठून तो गेला होता, मी नाही. त्याचे म्हणणे याच्या उलट असावे.

६. अशा स्थितीत गेल्या शुक्रवारी माझ्या नावे पार्सल आले, ते वितरण केंद्राने अडवून ठेवले आहे. पाठवणाऱ्याचे नाव दाखवले नाही. गाव कुनमिंग. आतील वस्तू : सदर कपडा, पुरुषांचा, कापूस भरलेला. केंद्रावरील इसम म्हणाला, "काका, शेवया असत्या तर आत्ता हातात दिल्या असत्या. पण तुमचा पत्ता, आणि वर ही वस्तू? माझी नोकरी जाईल." कुनमिंगला बारा महिने वसंत असतो. तिथे असा कपडा दुकानात समोर टांगलेला नसतो. तो हिंडून शोधावा लागतो.

७. सबब विनंती की, खाते सुरू करावे. ते शक्य नसल्यास यादीपुरते नाव ठेवावे. तेही शक्य नसल्यास पार्सल तरी सोडावे. सदर कपडा घरात घालणार नाही, असे लिहून देण्यास तयार आहे. जिन्यातही घालणार नाही. खुंटीला टांगेन, खुंटी चालत नसल्यास पलंगावर घडी करून ठेवीन. पार्सल हाती आल्याशिवाय तो आधी बोलला असे मला धरता येत नाही, आणि त्याला उत्तर देता येत नाही.

८. कोणाचे काय झाले हे आपल्या माहितीसाठी : समितीची अंडी समितीला पोचली. फान बाईंना जिल्ह्याचे प्रशस्तिपत्र मिळाले होते. ते परत मागितल्याचे ऐकिवात नाही. तरुण मंडळी सदर शब्द सोडून आता केळ्याच्या सालीवर गेली आहेत, असे दोंगबाई सांगतात. घर पूर्वी होते तितकेच गरम आहे.

उत्तर लेखी, आणि शक्यतो थंडी संपण्यापूर्वी मिळावे.

आपला नम्र,
(सही)
ग्वान शौयी
दि. ९ जानेवारी

सोबत :
१. ओळखपत्राची प्रत.
२. अंडी मिळाल्याची फान बाईंची पोच.
३. पार्सल अडवल्याच्या चिठ्ठीची प्रत. तीवरील नोंद : येणे काही नाही, खर्च पाठवणाऱ्याने भरला.