सातव्या घरचा वाटा

प्रिय अर्पेनिकताई,

तुझं दुखणं मला येवो आणि माझं कुणालाही न जावो (मला ते नीट पुरतं आहे). तुझा खुबा आता बरा आहे, काठीशिवाय चालतेस, असं फोनवर कळलं. कळलं म्हणजे तुझ्या सुनेनं सांगितलं, कारण फोन नेहमी तिच्याच हातात असतो आणि मी तोंड उघडलं की ती "मामा, तब्येत जपा" म्हणून ठेवून देते. म्हणून हे पत्र. तिकडे रशियात, क्रास्नोदारला, थंडी पडली का? इथे मी ठणठणीत आहे, म्हणजे डावा पाय आणि पाठ सोडून, आणि त्यांचीच हकिगत सांगायला बसलो आहे.

तुला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा मी नवस बोललो होतो, की ताई चालू लागली तर गडावरच्या चर्चला कोंबड्याचा बळी, मताघ, देईन. (नवस बोलताना माणूस जमिनीवर बसलेला असतो, गड किती उंच आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही.) पाद्रीबाबांकडून आशीर्वादाचं मीठ आणलं, कोंबड्याच्या पायाला लाल दोरा बांधला आणि रविवारी त्याला काखेत मारून निघालो. कोंबड्याला चर्चभोवती तीन फेऱ्या घालायच्या, एवढंच वरचं काम. पण चर्चची उत्तरेची भिंत गेल्या हिवाळ्यात दरीत गेली आणि जाताना शेजारची वाटही घेऊन गेली. त्यामुळे आता एक फेरी घालायची तर तटाच्या खिंडारातून बाहेर पडायचं, बुरुजाला वळसा घालायचा, वाड्याच्या जोत्यावर चढायचं आणि दिंडीतून वाकून पुन्हा आत यायचं. सेल्जूक तुर्कांनी वेढा घातला तेव्हा तेही इतके फिरले नसतील.

दुसऱ्या फेरीत मला शिंक आली आणि कोंबडा सुटला. मी त्याच्यामागे सगळा गड पालथा घातला. लहानपणी तू मला ज्या कोठडीत कोंडून पळायचीस ती अजून आहे. तिला आता छप्पर नाही, त्यामुळे भीतीही वाटत नाही, आणि भीती वाटली नाही याचंच वाईट वाटलं. तिथून बाहेर येताना पाय घसरला आणि मी थेट पाण्याच्या कोरड्या टाक्यात. टाक्यात खाजकुयलीसारखं काहीतरी होतं, ते कुठे कुठे लागलं हे तू मोठी बहीण असलीस तरी लिहिणार नाही. बराच वेळ ओरडलो. शेवटी वर दोन डोकी दिसली. येरेवानची एक तरुण जोडी, भिंतींची मापं घ्यायला आलेली, गडावरच तंबू ठोकून राहिलेली.

"काय शोधताय, आजोबा?" मुलगा म्हणाला.

"कोंबडा."

"कुठल्या शतकातला?"

"गेल्या ईस्टरचा," मी म्हणालो.

त्यांनी दोरीनं मला वर ओढलं. कोंबडा त्यांच्या तंबूत पाव खात बसला होता. मुलगी चांगली होती, उरलेल्या फेऱ्या तिनं माझा हात धरून घालून दिल्या, आणि मग दोघांनी मला बुरुजावर बसवून चहा पाजला. तिथेच घोटाळा झाला. मताघाचं मांस सात घरी वाटायचं आणि रात्रीपर्यंत संपवायचं, हे तुला मी काय सांगू. बुरुजावरून मी खाली धूर मोजले. आपण मोजायचो तेव्हा मोजता मोजता भांडणं व्हायची, इतके असायचे. आता पाच, माझं घर धरून. पुन्हा मोजले, पाचच. मला फार एकटं वाटलं, ताई. चहा कडू आहे म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं त्या मुलांना सांगितलं.

खाली येऊन वार्सेनिकला विचारलं, तंबू घरात धरायचा का? तुझी मैत्रीण तशीच आहे अजून. "चूल आहे ना त्यांच्याकडे? मग घर. तू काय घरपट्टीची पावती बघणार आहेस?" झाली सहा. सातवं नाही म्हणजे नवस अर्धवट, आणि तिकडे तू पुन्हा लंगडायला लागलीस तर पाप माझ्या डोक्यावर. पण तेही जमलं. सातही वाटे त्याच दिवशी संपले. काळजी नसावी.

तुझा धाकटा,
हमायाक

ता. क. लोकरीचे पायमोजे पाठव. सुनेच्या पसंतीचे नकोत.

ता. क. सातवं घर कुठलं विचारशील. तुझंच. किल्ली माझ्याकडे आहे. बंद चुलीचं घर चालत नाही, म्हणून तुझी शेगडी पेटवली, टेबल पुसलं, तुझ्या ताटात वाढलं आणि समोर बसून राहिलो. अंधार पडला तेव्हा मीच खाल्लं.

ता. क. आता खरं ते. तुझ्या धुराड्यातून धूर निघताना बघून वार्सेनिक ताजी लवाश रोटी घेऊन धावत आली. तिचे गुडघे तुला ठाऊक आहेत, तरी धावत. दारातूनच म्हणाली, "अर्पो, आलीस गं?" मला नाही म्हणवेना. म्हणालो, प्रवासानं दमली आहे, आत झोपली आहे. तिनं लवाश माझ्या हातात दिली, डोळे पुसले आणि आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन गेली. तेव्हापासून रोज येऊन हळूच विचारते, उठली का. मी रोज काहीतरी सांगतो आणि रोज तुझी शेगडी पेटवतो. काल म्हणाली, "झोपू दे तिला, घाई नाही." तिला कळलं असावं. तरी आज सकाळी पुन्हा आली होती. सरपण संपत आलं आहे, ताई. ये.