राजाचा कान

१२ जाने. ९८
मुरगूडचे बसवराज आले, कापडवाले. वडिलांची पंचाहत्तरी आहे. जुन्या दरबारी चित्रातल्या राजासारखं त्यांचं चित्र हवंय, वहीच्या पानाएवढं. चेहरा एका बाजूने, डोक्यामागे सोनेरी वलय, हातात गुलाब. फोटो दिला. वडील तालमीतले, कान मुरगळून आल्याच्या गड्ड्यासारखा झालेला. जाताना हळूच, "ताई, कान तेवढा सरळ घ्या. मोती घाला. पावणं बघत्यात."
यांचे स्वतःचे कान मात्र कोरे करकरीत. तालमीची माती कधी लागली नसावी.

२० जाने.
वलय, अंगरखा झाला. सोनं छान बसलं. कानाच्या वेळी फोटो बघितलाच नाही, हात सवयीने गेला. इतकी वर्षं राजे काढतेय, सगळ्यांचा कान एकच, नाजूक. असो, बसवराज खूश होतील. डोळा रिवाजाप्रमाणे शेवटी रंगवायचा, त्यालाच डोळा उघडणं म्हणतात.

२३ जाने.
आज बसवराजांचे वडील, अण्णा, एकटेच एस.टी.ने आले. चित्र बराच वेळ बघितलं.
"झ्याक हाय. पर ह्यो कोन?"
मी ब्रश खाली ठेवला.
"मी गेल्यावर नातवंडांनी मला वळखायचं कशावरनं?"
चहा घेतला नाही. "डोळा उघडू नगंस पोरी," म्हणाले आणि गेले. फार वाईट वाटलं.

२४ जाने.
बसवराजांना फोन. "त्यांचं काय ऐकताय? चित्र मी सांगितलंय की." तेही खरंच. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात कान खरवडायचा तर कागद फाटायची भीती. शेजारीच वलयाचं सोनं...

२७ जाने.
खरवडला. कागद पातळ झाला, पण टिकला. फोटो समोर ठेवून मुरगळलेला कान काढला. एक घडी दुसरीसारखी नाही. दिवस गेला. मजा आली, खोटं कशाला बोलू.

३१ जाने.
अण्णांना बोलावलं. चष्मा पुसून बघितलं. हात आपसूक स्वतःच्या कानाकडे गेला.
"व्हय. ह्यो मी."
मोत्याचं भीत भीतच विचारलं. पोराला हवा होता ना.
"घाल की. पोराची हौस हाय."
मोती घातला. मग त्यांच्यासमोरच डोळा उघडला. आज चहा घेतला, दोनदा.
बसवराज उद्या चित्र न्यायला येणार. कानाचं त्यांना अजून कुणीच सांगितलेलं नाही. अण्णांना म्हटलं, तुम्हीच सांगा. म्हणाले, "सांगायचं कशाला? मीबी येतो. चित्राशेजारी बसतो. बघू दे त्याला."