तात्यांची फियाट गप्प होते

भिवंडी,
शनिवार, दि. २९ ऑक्टोबर १९८८

तीर्थरूप दाजी,

भिवंडीहून केसरीनाथचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार नुसता रीत म्हणून लिहिलेला नाही. गेला महिनाभर मी तात्यांच्या फियाटखाली आडवा आहे, त्यामुळे आठही अंगं जमिनीला टेकलेली असतात. फक्त तोंड वरच्या बाजूला असतं, तेवढं चालवून घ्यावं. तुमची कंबर कशी आहे? तुमच्या मातोश्रींचे गुडघे? वालाच्या शेंगा यंदा बऱ्या धरल्या का? आक्काची तब्येत मी विचारत नाही, कारण ती बरी आहे असं तुम्ही लिहाल आणि शेजारी बसून ते तिनंच लिहायला सांगितलेलं असेल. आमच्याकडे सर्व ठीक. सौ. विद्युल्लतेचा दमा बरा आहे, राग तसाच आहे.

दसऱ्याच्या दिवशी टाकलेलं माझं कार्ड मिळालं असेल. ‘गाडी पूर्ण गप्प झाली, आक्काला सांगावे’ एवढाच मजकूर होता. ते तिला दाखवलं नसेल तर आत्ता फाडून टाका. दाखवलं असेल तर हे पत्र वाचून होईपर्यंत तिला मधे बोलू देऊ नका (हे तुम्हाला लग्नानंतरच्या बत्तीस वर्षांत जमलेलं नाही हे मला माहीत आहे, पण प्रयत्न करायला हरकत नाही).

प्रकरणाचं मूळ तुम्ही जाणताच, कारण तुम्ही मागच्या सीटवर होतात. साडेतीन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात मातोश्रींच्या गुडघ्यांना गणेशपुरीच्या गरम पाण्याचं स्नान घडवायचं म्हणून आपण सगळे निघालो, स्नान घडलं, आणि येताना घाटीच्या उतारावर गाडीनं जो कंठ फोडला तो भिवंडीच्या स्टँडपर्यंत मिटला नाही. रस्त्यावरच्या म्हशी भाताच्या खाचरात उतरल्या. मातोश्रींनी डोळे मिटून जप धरला. स्टँडवर उतरल्या उतरल्या आक्का म्हणाली, की ही गाडी भंगारात घाल. मीही काहीतरी बोललो. (दोन शब्द. माणूस दमलेला असला की बोलतो.) त्यावर ती म्हणाली, की ही गाडी दारात बोंबलतेय तोवर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. आणि खरंच ठेवला नाही. तीन भाऊबिजा गेल्या. पाट मांडायचा, रांगोळी काढायची, दुपारी दोनपर्यंत वाट पाहायची आणि मग पाट भिंतीला उभा करायचा, हा आमच्याकडचा नवा कुळाचार झाला आहे. राखी पोस्टानं येते. पाकिटात चिठ्ठी नसते. पाकीट मी दोनदा झटकून बघतो.

तर यंदा गणपती झाल्यावर मी ठरवलं, की गाडीचं तोंड बंद करायचं. गॅरेजवाल्यानं खाली डोकावून सांगितलं, की मास्तर, यातलं काय काय बदलायचं ते सांगण्यापेक्षा काय राहू द्यायचं ते तुम्हीच सांगा. हे ऐकून मी गाडी परत घरी आणली आणि स्वतःच कामाला लागलो. शेवटी मी शाळेत विज्ञान शिकवतो. ध्वनीचा धडा आठवीला वीस वर्षं शिकवतोय. ज्यानं हजारभर मुलांना ध्वनीलहरी समजावल्या, त्याला एक सायलेन्सर आवरणार नाही? विद्युल्लता म्हणाली, की त्या हजारांतल्या नऊशेंना अजून समजलेल्या नाहीत.

वडिलांनी मागे ठेवलेल्या या चोवीस वर्षांच्या गाडीचा एक गुण सांगतो. तिचा एक नट काढायला जावं तर तो निघत नाही, पण शेजारचे दोन आपणहून हातात येतात. मी सायलेन्सरचा क्लॅम्प सोडवायला गेलो तर रेडिएटरचा होस फाटला. होस बदलताना फॅनबेल्टला हात लागला, तो फणसाच्या चारखंडासारखा धागा धागा सुटून आला. पेट्रोलची टाकी झिरपते असं लक्षात आलं, तिला कपड्याचा साबण चोळला (हा जुना उपाय आहे आणि लागू पडतो, पण त्या दिवशी धुणं राहिलं). खालचा पत्रा इतका विरलाय, की ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसतो. तात्या म्हणायचे त्यानं वेगाचा अंदाज येतो. अखेर सायलेन्सर बाहेर काढला. त्याला सात भोकं होती. घरात शेंगदाणा तेलाचा रिकामा डबा होता, तो कापून मी सायलेन्सरभोवती गुंडाळला, तारेनं आवळला, वर चिकणमातीचा लेप दिला. डबा आधी धुवायला हवा होता हे नंतर कळलं. इंजिन तापलं की आमच्या आळीत चकल्या तळल्याचा वास सुटायचा, आणि शेजारच्या गोदूबाई येऊन विचारून गेल्या, की मास्तरीणबाई, दिवाळीला अजून महिना हाय ना?

दसऱ्याला मी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि आळीतल्या मंडळींना बोलावलं. नारळ फोडला. चावी फिरवली. दाजी, काय सांगू. काही ऐकू आलं नाही. मी ॲक्सिलरेटर दाबला, तरी नाही. गोदूबाईंनी बॉनेटजवळ कान नेला आणि सगळ्यांना सांगितलं, “काय बी आयकाला येत न्हाय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मला वाजताना दिसल्या. विद्युल्लतेनं गाडीला ओवाळलं आणि घाईत मलाही ओवाळलं. मी तसाच पोस्टात गेलो आणि तुम्हाला कार्ड टाकलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

आता तुम्ही पेणची माणसं, तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. आमच्या घराच्या डाव्या हाताला कापड विणणारे साठ लूम आहेत, उजव्या हाताला अठ्ठेचाळीस, आणि मागे किती आहेत ते मालकालाही नक्की माहीत नसावं. ते रात्रंदिवस दोन शिफ्टमध्ये खडाखडा चालू असतात, सणवार बघत नाहीत, आणि शुक्रवारी बंद असतात. इथं जन्मलेल्या माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही. आम्ही बोलतो ते ओरडून, पण आम्हाला वाटतं आपण बोलतोय (तुमच्या लग्नात आमच्याकडची माणसं भांडतायत असं समजून तुमचे काका सोडवायला आले होते, आठवत असेल). मी एकशे आठ लूमच्या मधोमध उभा राहून गाडी गप्प झाल्याचा निर्वाळा दिला होता. ध्वनीचा धडा. वीस वर्षं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, सगळी आळी शांत असताना, मी शाळेत ऐटीत जावं म्हणून चावी फिरवली. कौलावरची कबुतरं उडाली ती दुपारपर्यंत बसली नाहीत. गोदूबाईंच्या हातून लोणच्याची बरणी सुटली. शेजारच्या कारखान्याचे लूम दुरुस्त करणारे इद्रीस मिस्त्री साबण लावलेल्या तोंडानं धावत आले, त्यांना वाटलं कुठला तरी बॉयलर फुटला. कालच टाळ्या वाजवलेली सगळी माणसं दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी चावी बंद केली आणि चालत शाळेत गेलो. त्या दिवशी आठवीला मी मुद्दाम प्रकाशाचा धडा घेतला.

संध्याकाळी इद्रीस मिस्त्री घरी आले. मी सायलेन्सरची भोकं, डबा, लेप सगळं दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मास्टर साब, हाथ लगाके देखा?” लूमवाल्यांची ही रीत मला भिवंडीत आयुष्य काढूनही माहीत नव्हती. साठ लूम चालू असताना एकाच लूमची कुरकुर कानानं कळणार कशी? म्हणून मिस्त्री लूमवर तळहात ठेवतो आणि कुठला भाग दुखतोय ते हाताला विचारतो. त्यांनी गाडी चालू करायला लावली, बॉनेट उघडलं आणि ओलं फडकं हाताला गुंडाळून पाइपावरून पुढून मागे, मागून पुढे फिरवत राहिले, वैद्य नाडी बघतो तसे. मग म्हणाले, “आप पीछे मरहम लगा रहे हैं, दर्द आगे है.” सायलेन्सर दुय्यम होता. इंजिनाला जिथं पाइप जोडतो तिथलं पॅकिंगच जळून गेलं होतं, आणि सगळा आरडाओरडा तिथून होत होता. साडेतीन वर्षं.

नंतरच्या आठवड्यात रोज ड्युटी संपली की ते तासभर यायचे. पॅकिंग कापलं, बसवलं. माझा तेलाचा डबा त्यांनी अदबीनं काढून बाजूला ठेवला आणि सातही भोकांवर नीट पत्रा झाळून दिला. सायलेन्सर लटकवायची रबरं कुजली होती, तिथं लूमचा चामड्याचा पट्टा बांधला. म्हणाले, हा दिवसभर दोरा वाहणाऱ्या धोट्याला तडाखे देणारा पट्टा आहे, तुमची गाडी याच्यापुढे काय. विद्युल्लता त्यांना चहा द्यायची आणि मला विचारायची, की तुम्ही नक्की काय करताय? मी उजेडासाठी बॅटरी धरत होतो.

काल पुन्हा शुक्रवार होता. लूम बंद, आळी शांत, माणसं आपापल्या दारात सावध. (गोदूबाईंनी बरण्या खाली जमिनीवर ठेवल्या होत्या.) मी चावी फिरवली. दाजी, गाडी पुटपुटली. पोथी वाचणाऱ्या माणसासारखी, एकसुरी, स्वतःशी. या वेळी टाळ्यासुद्धा मला ऐकू आल्या. मी तशीच ती राहनाळपर्यंत नेली आणि आणली. तिथं तात्यांचे जुने पेशंट महादू भेटले. ते गाडीभोवती दोनदा फिरले आणि मला म्हणाले, “मास्तर, गारी आजारी हाय काय? डाक्तर यायचे तवा शिवेपासून आयकाला यायची. आमी तवाच रांग लावाचो.” म्हणजे तात्यांच्या काळातही ती बोंबलायचीच, आणि आपण सगळे ते विसरलो होतो. मला त्याचं फार बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

तर भाऊबीज येत्या अकरा तारखेला आहे, आणि ती शुक्रवारी आहे, म्हणजे आक्काला गाडीची परीक्षा भर शांततेत घेता येईल. मी सकाळी सहाला निघून पेणला गाडी घेऊन येतो. तिनं फक्त तयार राहावं. यंदाही जमणार नसेल तर तसं कळवा, आमची काही तक्रार नाही, आम्हाला सवय आहे.

मातोश्रींना नमस्कार, तुमच्या कंबरेला जपा.

तुमचा, गाडीखालून नुकताच बाहेर आलेला,
केसरीनाथ

ता. क. गाडीत किरकोळ दोष उरलेत ते आधी सांगितलेले बरे. डावीकडचं दार फक्त बाहेरून उघडतं. रिव्हर्स गिअर पडत नाही, म्हणून तुमच्या अंगणात गाडी आत न आणता रस्त्यावरच उभी करीन. आक्काच्या पायाखालच्या भोकावर पाट ठेवला आहे, पाय पाटावरच ठेवावेत.

ता. क. दाजींना शि. सा. नमस्कार. पत्र मी वाचलं. बाकी सगळं खरं आहे, पण ‘दोन शब्द’ असं जिथं लिहिलंय तिथं ते कुठले शब्द ते लिहिलेलं नाही. ते लिहीपर्यंत मी पाकीट चिकटवू देणार नाही. वन्संना माझी आठवण सांगा. – विद्युल्लता

ता. क. ती डिंकाची बाटली घेऊन समोर बसली आहे. तेव्हा लिहितो. स्टँडवर आक्का गाडी भंगारात घाल म्हणाली, तेव्हा मी म्हणालो, की तात्यांच्या वस्तूंबद्दल बोलायचा तुझा हक्क तू लग्न होऊन गेलीस त्या दिवशी संपला. गाडी चालूच होती, म्हणून तिला ऐकू गेलं नसेल असं मी साडेतीन वर्षं स्वतःला सांगत आलो. ज्या आवाजाला मी रोज शिव्या देतो, त्याच्यावर माझी एवढी एक आशा होती. पण आम्ही भिवंडीची माणसं ओरडून बोलतो, आणि तीही इथंच वाढलेली आहे. तिला ऐकू गेलं. गाडीचं नाव तिनं माझी लाज राखायला पुढे केलं, हे मला गाडीखाली निजून निजून कळलं. दाजी, पत्र तिला वाचून दाखवू नका, तिच्याच हातात द्या. आमची तक्रार नाही, सवय आहे, असं वर लिहिलंय ते खोटं आहे. सवय होत नाही.

ता. क. आत्ता पाकीट बंद करताना दारात एक भंगारवाला आला होता. गाडी बघून गेला, बरा भाव देतो म्हणाला, देणार का म्हणून विचारलं. मी त्याला सांगितलं, बाबा, दिवाळीनंतर ये. बहिणीला विचारल्याशिवाय मला काही सांगता येत नाही.