हजर राहण्याचं प्लॅनिंग

३ सप्टेंबर, बुधवार

ही वही क्लोरीनच्या ड्रममागं ठेवणार. तिथं वासानं कोणी फिरकत नाही. म्हणजे खरं लिहायला मोकळा.

सोसायटीत नवा नियम आला. सगळ्या स्टाफनं पोलीस व्हेरिफिकेशन आणायचं. वॉचमन, माळी, कामवाल्या, आणि मी, पूल ऑपरेटर. नोटीस हयवदन अण्णांनी वाचून दाखवली. ते आमचे सुपरवायझर. वाचताना कारण नसताना माझ्याकडं बघत होते. मी जाळीनं पाण्यावरची पानं काढत होतो. काढत राहिलो. पानं संपली तरी.

मला घाबरायचं कारण नाही. गावाकडं एक केस आहे, पण ती केस म्हणण्यासारखी नाही. ईशानभाऊचा वाढदिवस होता. चौकात बुलेटच्या सीटवर केक. भाऊनं तो तलवारीनं कापला, सगळेच कापतात. तलवार लग्नातली, नवरदेवाच्या हातात देतात ती. पोरांनी भाऊच्या तोंडाला क्रीम फासलं. डोळे पुसायला हात मोकळा पाहिजे म्हणून त्यानं तलवार माझ्याकडं दिली, तेवढ्यात कुणीतरी व्हिडिओ काढला. म्हणजे मी फक्त स्टँडचं काम केलं. स्टँडवर कोण केस करतं? पोलिसांनी केली. पाच जणांवर.

माझा जामीन दाजींनी दिला. दाजी म्हणजे कल्पनाताईचे मिस्टर, उमाकांत. घराचा उतारा लावला माझ्यासाठी. त्याच घरात ताई आणि आई राहतात. काही तारखांना मी गेलोही. तिथं काही होत नाही. बसायचं, पुढची तारीख घ्यायची, यायचं. मग बेंगळुरूला काम लागलं. मला वाटतं कोर्टानंही समजून घेतलं असेल.

४ सप्टेंबर, गुरुवार

कोर्टानं समजून घेतलं का ते बघितलं.

कोर्टाचं ॲप असतं. नाव टाकलं की केस दिसते, कुणालाही. पण आपल्या मोबाईलवर बघणं धोक्याचं. ॲप लोकेशन मागतं. इकडं मी केस बघणार, तिकडं कोर्ट मला बघणार. म्हणून अण्णांचा फोन घेतला. मॅच बघतो म्हटलं. तालुक्याचं कोर्ट, साल, नाव. आलं.

अवधूत दयानंद पाटोळे. आरोपी क्रमांक पाच. नॉन-बेलेबल वॉरंट. पुढची तारीख १८ नोव्हेंबर.

फोन परत दिला. अण्णांनी विचारलं, कोण जिंकलं? मी म्हटलं, अजून चालू आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शांतपणे विचार केला. आमचा पट्टा दत्ताचा. दर दुसऱ्या घरात अवधूत. त्यातल्या एखाद्याचा बाप दयानंद असू शकतो. पाटोळे तर आहेतच. तेव्हा हा दुसराच कुणीतरी, असं धरून चालायला हरकत नाही.

संध्याकाळी गेटवर खाकी शर्ट दिसला. पंपरूममध्ये जाऊन बसलो. नंतर कळलं, रिक्षावाला. इथं रिक्षावाले खाकी घालतात. सर्जापूर रोडवर रिक्षा किती! माणसानं दिवसातून किती वेळा पंपरूममध्ये बसायचं?

११ सप्टेंबर, गुरुवार, सकाळ

कुणी उतरायच्या आधी पाणी काचेसारखं असतं. त्यात सगळी बिल्डिंग उलटी दिसते. आज त्यातल्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत खाकी उभा होता. वर बघायची गरज वाटली नाही. जाळी मारली. तो तुटला. पाणी थांबलं, परत जुळला.

चौथ्या मजल्यावर मुग्धा मॅडम राहतात, पुण्याच्या. पोहायला आल्या तेव्हा सहज विचारलं, तुमच्याकडं पोलीस आलेत का? म्हणाल्या, अरे ती आमच्या ह्यांची ट्राउझर वाळतीय! तू नीट झोपतोस ना रे?

झोपतो. व्यवस्थित.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडमनी ट्राउझर काढली. वर जाऊन खात्री केली.

पाण्यात खाकी अजून दिसतो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घोटाळा. ॲपमध्ये केस आपोआप सेव्ह झाली होती. अण्णांच्या फोनवर मेसेज आला. अण्णांना वाटलं, केस त्यांच्यावरच. बायकोला फोन करून रडकुंडीला आले. मग त्यात माझं नाव वाचलं.

पंपरूममध्ये आले, दार लावलं. एनप्पा, काय हे, तलवार? मी म्हटलं, अण्णा, लग्नातली. ते म्हणाले, स्वल्प तरी डोकं आहे का तुला? माझ्या मेव्हण्याला येलहंकाला असंच वॉरंट होतं. सकाळी गेला, जजसमोर हात जोडले, वकिलानं अर्ज दिला, जेवायला घरी. पोलीस तुला धरून नेतील तो दिवस वेगळा, तू आपल्या पायानं जाशील तो दिवस वेगळा. जा, मिटवून ये, मग व्हेरिफिकेशन दे. तोवर मी कमिटीला सांभाळतो. सरी?

सरी म्हटलं. अण्णा मनानं चांगले, पण साधे. येलहंकाचं वॉरंट आणि आमच्याकडचं वॉरंट यात फरक असणारच.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. इथं हत्यारांची म्हणजे सगळ्या मशीनची पूजा करतात. लिफ्टला हार, जनरेटरला हार, माझ्या फिल्टरलाही झेंडू. मग कोहळा कापून आत कुंकू भरून फोडायचा. अण्णांनी कौतुकानं मला पुढं केलं आणि हातात मच्चू दिला. इकडचा कोयता, हातभर लांब. समोर मुग्धा मॅडम मोबाईल धरून. म्हणाल्या, अवधूत, इकडं बघ, स्माइल!

मी मच्चू टाकला. तो अण्णांच्या चपलेवर पडला. बाकी मला पार्किंगच्या बेसमेंटमधलं आठवतं. लोक म्हणतात मी ओरडलो, स्टँड आहे मी, स्टँड! मला तसं वाटत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज धडाका. वकिलांना फोन केला. पद्मनाभ चौगुले, आमच्या पाचही जणांचे. माझं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, जिवंत आहेस होय? मी विचारलं, व्हिडिओ कॉलवर हजर राहता येईल का? माझ्याकडं जिओ आहे, रेंज चांगली आहे. म्हणाले, तलवार घेऊन व्हिडिओत आलास तेवढं बास झालं.

मग सांगितलं की बाकी चौघं मागच्याच महिन्यात सुटले. पंच फिरले, तलवारीला धार नव्हती, निर्दोष. ईशाननं पेढे वाटले. तू नव्हतास म्हणून तुझी फाईल वेगळी काढली. आता त्या फाईलमध्ये तू एकटाच आहेस.

मी विचारलं, एकट्यानं मी काय केलं? ते म्हणाले, तू फक्त ये. पुकारा झाला की पुढं हो. वॉरंट रद्द करायचा अर्ज मी टाइप करून ठेवतो. पण समोर माणूस नसला तर जज कुणाचं तोंड बघून सही करतील?

फोन ठेवल्यावर सगळ्यांचं अभिनंदन म्हणून ईशानभाऊला अंगठा पाठवला. त्यानं दोन निळ्या टिक दिल्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीला गेलो नाही. पूलला सुट्टी नसते.

दाजींचा फोन. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा चुकून उचलला गेला. म्हणाले, काय पाव्हणं, आमच्या घरावर बसून बेंगळुरूत पोहताय न्हवं? मी म्हटलं, मी पोहत नाही, साफ करतो. हसले. मग म्हणाले, हवालदार घरी येतोय तुला शोधायला. इतक्यांदा आला की आता आईंना मामी म्हणतोय. परवा फराळ करून गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, पाव्हणा अठराला आला नाही तर कोर्ट जामीनदाराला धरणार. घराचं बघा.

मग म्हणाले, तुझ्या ताईला मी हे सांगितलेलं नाही. तू येतोस, एवढंच सांगितलंय.

मी येतो म्हटलं. शंभर टक्के.

२ नोव्हेंबर, रविवार

हजर राहण्याचं प्लॅनिंग पक्कं. पांढरा शर्ट घ्यायचा. केस बारीक करायचे. दाढी ठेवायची, म्हणजे दुःखी दिसतो. जजसाहेबांना म्हणायचं, चूक झाली. नाही, चूक म्हणायचं नाही, ते कबूल केल्यासारखं होतं. उशीर झाला म्हणायचं.

पाण्यासमोर उभं राहून प्रॅक्टिस केली. पाण्यातल्या खाकीनं ऐकून घेतलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

शर्ट आणला. जे. पी. नगरच्या दुकानापर्यंत बसनं गेलो, रिक्षा टाळली. सगळेजण आपल्याला ओळखतात असं वाटणं हा फक्त मनाचा खेळ असतो. बसमधले सगळे तसंच बघत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

अण्णांनी सुट्टी दिली. बायकोनं केलेले चकलीचे तुकडे दिले आणि म्हणाले, हात जोड, परत ये, धैर्य. तिकीट काढलं. आता मागं फिरणं नाही. मला स्वतःचा अभिमान वाटतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार, निपाणी स्टँड

कोर्टात मी वेळेवर पोचलो होतो, हे आधी लिहून ठेवतो.

दाजी रजा टाकून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. जसं काय लग्नाला. ताईनं डबा दिला होता, तो माझ्या हातात दिला. म्हणाले, वाळलास की रं. वकील अर्ज घेऊन तयार. सगळं प्लॅनप्रमाणं. फक्त व्हरांड्यात पोलीस फार होते. रिक्षावाले नव्हते, खरेच होते. मी दाजींना म्हटलं, पाणी पिऊन येतो.

कूलरजवळ खांब आहे. त्याच्यामागून आतलं सगळं दिसतं.

मग शिपाई दारात आला आणि त्यानं पुकारा केला. अवधूत दयानंद पाटोळे हाऽजर! कोर्टात नाव तीनदा पुकारतात. पहिल्यांदा वाटलं, बघू तरी, दुसरा कुणी पाटोळे उठतो का. कोणी उठलं नाही. दुसऱ्यांदा तो आवाज जिन्यानं वर गेला, वरून फिरून खाली आला. गेलेल्या माणसाला नदीकाठी हाक मारल्यासारखा. मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे नक्की. आतून काही आलं नाही. नाव माझंच होतं, पण ते ज्याचं होतं तो तिथं नव्हता असं वाटलं.

तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा दाजी उठले. हात जोडून म्हणाले, साहेब, आलाय तो. आत्ता हितंच हुता. पाणी प्यायला गेलाय.

सगळं कोर्ट हसलं. दाजीही थोडे हसले. मग दाराकडं बघत उभे राहिले. जजसाहेबांनी त्यांना बरंच उभं राहू दिलं. दाजींना मी दिसत होतो का, माहीत नाही. मला ते दिसत होते.

गेटबाहेर कधी आलो आठवत नाही. डबा माझ्याकडंच राहिला.

एका अर्थी बरोबरच झालं. नवीन जागी लगेच हजर होऊ नये. आधी अंदाज घ्यावा. तो आज पूर्ण घेतला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दाजींचा फोन नाही. वकिलांचा नाही. ताईचा एक मिस्ड कॉल होता, नुसती रिंग देऊन ठेवलेला.

अण्णांनी विचारलं, मिटलं? मी म्हटलं, जवळजवळ. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि न मागता आपला फोन पुढं केला.

ॲप उघडलं. आरोपी गैरहजर. वॉरंट कायम. त्याखाली एक नवीन ओळ होती. जामीनदार उमाकांत यांना नोटीस, घर जप्त का करू नये याचं उत्तर द्यावं.

ती ओळ मी बराच वेळ वाचली. मोठी करून वाचली. तीत माझं नाव कुठंही नाही.