पटकी की सोमल

कल्याण, वैशाख, शके १८१५

प्रिय वहिनी,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही पत्र बाजूला ठेवाल, ही धास्ती आहेच. तरी वाचा. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठून इस्पितळाच्या पडवीत फेऱ्या मारून आलो.

इथे मी डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली तपासणीचं काम पाहतो. गेल्या पंधरवड्यात मिठागरावरचा काळुराम उलट्या-जुलाबांनी एका दिवसात गेला. लगोलग त्याचा मुलगा पंढरी आमच्याकडे आणला. डोळे खोल गेलेले, पायांत गोळे. पंढरीची बायको लक्ष्मी मात्र चौकीत. तिची सासू सखुबाई फौजदारांना सांगत होती, "हिनंच कालवणात कायतरी घातलंन. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." फौजदार मला म्हणाले, "सोमलच असणार. लिहून द्या, म्हणजे मी मोकळा."

सोमलाच्या विषानेही माणसाचं असंच होतं. नुसत्या लक्षणांवर सांगता येत नाही. पंढरीच्या पेजेसारख्या जुलाबातला एक कण मी काचेवर घेतला, निळा रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पटकीचे असतात तसे, स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू दिसले. पण तसे दिसणारे दुसरेही असतात, म्हणून ते वाढवून पाहावे लागतात. जिलेटिनवर पेरले, तर या उकाड्यात जिलेटिनचंच पाणी झालं. फौजदार दाराशी. मी दोन दिवस मागून घेतले, उकाड्यातही न वितळणाऱ्या चिनी गवताची घट्ट वडी थापून पुन्हा पेरले. त्यावर वाढलेले जंतू पोसणाऱ्या पेप्टोनच्या पाण्यात सोडले. दुसऱ्या सकाळी पाण्यावर पातळ साय आली होती. तेजाबाचे चार थेंब टाकले आणि ते गुलाबी होत होत लाल झालं. असा लाल रंग पटकीचेच जंतू देतात! साहेबांनी सोमलाचीही परीक्षा करून पाहिली; निघाला नाही.

लक्ष्मी सुटली, पंढरीही वाचला. सखुबाईने मान वर केली नाही. लक्ष्मीने मला बाजूला घेऊन विचारलं, "मीठच तर टाकलेलं मी. आत्याबाईंनी खरंच काय बघितलं असंल वो?"

"भ्यालेल्या माणसाला काहीही दिसतं," मी म्हणालो आणि तिथून निघालो. तेव्हापासून जेवण जात नाही.

कारण वहिनी, मला तर भीतीनेही काही वेगळं दिसलं नव्हतं. दादा गेले त्या दुपारी, तुम्ही त्यांच्या ताकात कसलीशी पूड घातली असं आईला मीच सांगितलं. ती सुंठ होती. मला वास आला होता. पंधरा वर्षांचा होतो, आई ऊर बडवत होती, आणि तिने तुम्हाला माहेरी धाडलं तेव्हा खरं सांगायचा धीर झाला नाही. दादांची तपासणी आता व्हायची नाही. उरली आहे ती माझी साक्ष. काल आईला सांगितलं. तीही यायला तयार आहे. रविवारी आम्ही ठाण्याला, टेंभीवर तुमच्या भावांकडे येतो. सगळ्यांसमोर बोलेन. आत घेतलं नाहीत, तर ओसरीवर उभा राहून बोलेन.

तुमचा अपराधी दीर,
गुरुदत्त